पावसाळ्यात बादलीचे पापुद्रे पुन्हा सुटायला लागले? आधी माल कुठे थांबला ते बघा

मे महिन्यात बिनतक्रार निघणारी दहा लिटरची बादली मृगाचा पाऊस लागला की तळाशी सोलायला लागते. गेटच्या, म्हणजे वितळलेला माल साच्यात शिरतो त्या तोंडाच्या, टिकलीभोवती दोन-तीन इंचांच्या गोलात नख लावले तर आंबापोळीचा पदर सुटावा तसा पातळ, किंचित मोत्यासारखा चमकणारा पापुद्रा हातात येतो. त्याच लॉटमध्ये कान फुटतात. भरलेली बादली उचलली की कडी अडकवायच्या भोकामागून सरळ रेषेत चीर जाते. मशीनवरचा माणूस बॅरलचे, म्हणजे माल वितळवणाऱ्या नळीचे, सगळे झोन दहा अंशांनी वाढवतो, दोन शिफ्ट बरे वाटते, मग पुन्हा तेच.

मिरकरवाडा, हर्णे, देवगड, मालवण अशा बंदरांवरची जुनी दोरी-जाळी दळून त्याचा दाणा वापरणाऱ्या शेडमध्ये ही तक्रार दर वर्षी ठरलेली, आणि दर वर्षी दोष भंगारवाल्याच्या माथी. त्याचा वाटा असतोच, पण सगळा नाही. या दाण्यातली दोन प्लास्टिके, एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिथिलीन) आणि पीपी (पॉलिप्रॉपिलीन), कितीही तापवली तरी एकजीव होत नाहीत. बॅरलमधला प्रवाह त्यांना बारीक करून एकमेकांत पसरवून ठेवतो, इतकेच. प्रवाह थांबला की ती पुन्हा वेगळी व्हायला लागतात, आणि चुकीच्या जागी प्रवाह फार जोराचा झाला की त्यांचे पदर होतात. पावसात सतत वीज जाते, माल ओला येतो, साच्याला गंज चढतो. या तिन्हींचा पापुद्र्याशी संबंध आहे, पण प्रत्येकाचा वेगळा, आणि उपायही वेगळा.

एक गोष्ट आधीच: हा दाणा बागेच्या आणि बांधकामाच्या बादल्यांसाठी, कुंड्यांसाठी. मासळीच्या क्रेटला किंवा पिण्याच्या पाण्याला तो वापरायचा नाही.

दोष केव्हा येतो, ते आधी लिहून काढा

सेटिंगला हात लावण्यापूर्वी एका शिफ्टच्या बादल्यांवर मार्करने शॉट नंबर टाका (साचा एकदा भरला की एक शॉट). एवढ्यावर निम्मे काम होते.

मशीन थांबून सुरू झाल्यावरचे चार-पाच शॉटच सोलत असतील आणि पुढे हळूहळू बरे होत असेल, तर माल बॅरलमध्ये थांबून खराब झाला आहे. साचा नुकताच चढवल्यावरचे वीस-तीस शॉट सोलत असतील, तर तो गंजरोधक स्प्रेचा तेलकट थर आहे. समुद्रावरच्या हवेत तो मारावाच लागतो. साचा पुसा, व्हेंट (साच्यातली हवा निघायच्या फटी) स्वच्छ करा, विषय संपला. सगळेच शॉट सोलत असतील, पण फक्त गेटपाशी, तर गेटवरचा शिअर (थर एकमेकांवरून घसरण्याचा वेग) आणि दोन मालांच्या दाटपणातला फरक बघा. सोलण कुठेही, कशीही येत असेल आणि पापुद्र्यात पांढरट, न वितळलेले धागे दिसत असतील, तर नायलॉन शिरले आहे. पृष्ठभागावर रुपेरी फराटे आहेत पण नखाने काहीच निघत नाही, तर ते पाण्याचे फराटे आहेत, पापुद्रा नव्हे. ही गल्लत सर्रास होते आणि त्यापायी चांगल्या मालात महागडे अॅडिटिव्ह ओतले जाते.

दाण्यात नक्की काय आहे

ट्रॉलच्या जाळ्याचा पीळदार धागा बहुतेक एचडीपीईचा असतो. डॅनलाइन म्हणून मिळणारी दोरी पीपीची. गिलनेटचे पारदर्शक तंगूस नायलॉनचे. पाण्याच्या टाकीत नायलॉन बुडते, कारण त्याची घनता १.१३–१.१४ असते. एचडीपीई ०.९५ आणि पीपी ०.९०–०.९१, म्हणून दोन्ही तरंगतात आणि साध्या पाण्यात एकमेकांपासून सुटत नाहीत. त्यासाठी वजनाने ४० भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ६० भाग पाणी असे मिश्रण करा. त्याची घनता ०.९३ च्या आसपास येते. मूठभर चुरा टाका, साबणाचा एक थेंब घालून नीट ढवळा, नाहीतर हवेचे बुडबुडे चिकटून बुडणारा तुकडाही वर राहतो. वर आले ते पीपी, खाली गेले ते एचडीपीई. दोन्ही वाळवून वजन करा की लॉटमधले प्रमाण कळले. हे मिश्रण पेट घेते, म्हणून हीटरपासून लांब, दारे उघडी ठेवून.

दुसरी परीक्षा तव्याची. काळा लोखंडी तवा आणि थर्मोकपल (टेकवून तापमान मोजणारी तार) घ्या. चकचकीत स्टीलवर इन्फ्रारेड गन खरे तापमान दाखवत नाही, बरेच कमी दाखवते. तवा १४५ अंशांवर धरला की एचडीपीईचे तुकडे काचेसारखे पारदर्शक होऊन पसरतात, पीपीचे तसेच राहतात. १८० अंशांवर पीपीही वितळते. त्यानंतरही जे कडक उरते ते नायलॉन. त्याला २२० च्या पुढे जावे लागते. शंका असेल तर चिमट्यात धरून पेटवा: नायलॉनला जळक्या केसांचा वास येतो, बाकी दोघांना मेणबत्तीचा.

आता मुख्य गोष्ट, दाटपणाची. ती एमएफआयने मोजतात: ठरलेल्या वजनाखाली दहा मिनिटांत किती ग्रॅम माल वाहतो तो आकडा, जास्त म्हणजे पातळ. जाळ्याच्या धाग्याला वापरतात त्या एचडीपीईचा एमएफआय १ च्या आसपास असतो, पण तो १९० अंशांवर मोजलेला. दोरीच्या पीपीचा ३ च्या आसपास, तो २३० अंशांवर. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे पायली आणि किलोची बेरीज. दोन्ही माल २३० अंशांवर, २.१६ किलोखाली मोजा. ०.९ चे एचडीपीई २३० वर साधारण १.६ दाखवेल. म्हणजे ताजी पीपी दोरी तिच्यापेक्षा दुपटीने पातळ. दोन-तीन मोसम उन्हात भाजलेली दोरी आणखी पातळ, कारण उन्हाने पीपीच्या साखळ्या तुटतात. ती ८ सुद्धा दाखवते. बोटांनी चोळल्यावर जिची पावडर निघते ती दोरी या वर्गातली समजा. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी-दोऱ्यांची निवडानिवड होते, आणि टाकून दिली जाते ती हीच भाजलेली दोरी. पावसाळ्यातला लॉट म्हणूनच मेच्या लॉटसारखा वागत नाही.

थेंब, पदर आणि पुन्हा थेंब

लांब साखळ्यांच्या रेणूंना एकमेकांत विखुरण्याने फार थोडा फायदा मिळतो, म्हणून एकमेकांविषयी जराशी नावड असली तरी ते वेगळे राहतात. एचडीपीईत २० टक्के पीपी घातले तर वितळलेल्या मालात पीपीचे सूक्ष्म थेंब तरंगतात. ताकातल्या लोण्यासारखे. थेंबावर दोन बले काम करतात. प्रवाहाचा ओढणारा ताण त्याला लांबवतो, तर सीमेवरचा पृष्ठताण त्याला पुन्हा गोल करायला बघतो. या दोघांचे गुणोत्तर एका मर्यादेपलीकडे गेले की थेंब तुटतो. जी. आय. टेलर यांनी १९३० च्या दशकात हा हिशेब मांडला, आणि पुढे १९८२ मध्ये ग्रेस यांच्या मोजमापांतून एक कामाची गोष्ट पुढे आली: साध्या शिअरमध्ये थेंब भोवतालच्या मालापेक्षा चौपटीहून जास्त दाट असेल तर तो तुटतच नाही, नुसता गोल गोल फिरत राहतो. सर्वांत सहज तुटतो तो भोवतालच्या एवढाच किंवा त्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत पातळ असलेला थेंब. ताणणाऱ्या प्रवाहात मात्र, म्हणजे अरुंद तोंडात शिरताना, दाट थेंबही तुटतो.

आकडे घालून बघितले की एक गंमत दिसते. पीपी आणि पीई यांच्या सीमेवरचा ताण अगदी कमी, मीटरला १ मिलिन्यूटनच्या आसपास. बॅरलमध्ये दाटपणा १००० पास्कल-सेकंद आणि शिअर सेकंदाला १०० धरला, तर या हिशेबाने थेंब काही नॅनोमीटरचे व्हायला हवेत. प्रत्यक्षात असतात एक-दोन मायक्रॉनचे, म्हणजे शेकडो पट मोठे. कारण ते तुटतात तितक्याच वेगाने एकमेकांवर आदळून पुन्हा जुळतात. म्हणून ‘स्क्रू अजून जोरात फिरवा, मिक्सिंग होईल’ हा सल्ला बहुतेक वेळा वाया जातो. फोडायला ताण आधीच पुरेसा आहे. अडचण आहे ती जुळण्याची.

जुळण्याला सर्वांत पोषक काय? मंद, रेंगाळता प्रवाह. जोरात फिरणाऱ्या मालात दोन थेंब भेटतात पण मधली पातळ फिल्म निथळायच्या आत दूर होतात. हळू सरकणाऱ्या मालात त्यांना सवड मिळते. त्यामुळे अर्धवट वेगाने तासभर रेंगाळलेली मशीन पूर्ण थांबलेल्या मशीनइतकीच वाईट, कधी जास्तच.

आता पापुद्रा. गेटमधून जाताना थेंबाची लांबच लांब पट्टी होते. साच्याची भिंत थंड असते, तिला टेकलेला थर सेकंदाच्या आत गोठतो आणि पट्टी तशीच अडकते. आतल्या गाभ्यात माल वितळलेला राहतो. एका मायक्रॉनच्या पट्टीला पुन्हा गोल व्हायला साधारण १० सेकंद पुरतात, म्हणून गाभ्यात थेंबच दिसतात. बाहेर पदर, आत गोळे, आणि दोहोंमधला सांधा कच्चा. नख लागते ते तिथे. थेंब एक मायक्रॉनचा असेल तर त्याची पट्टी इतकी बारीक होते की कुणाला कळत नाही. तोच बॅरलमध्ये जुळून २० मायक्रॉनचा झालेला असेल तर गेट त्याला तोडत नाही, तेवढा वेळच नसतो. त्याची रुंद चादर करून भिंतीवर पसरवतो.

वीज गेल्यावर

बॅरलमध्ये किती शॉट मावतात ते एकदाच काढून मशीनवर रंगाने लिहून ठेवा. १२०० ग्रॅम मावत असतील आणि शॉट ४०० ग्रॅमचा असेल तर तीन शॉट. पाच मिनिटांहून जास्त वीज गेली तर ते तीन आणि वर दोन, असे पाच शॉट हवेत मोकळे सोडायचे, साच्यात नाही. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त जाणार असे दिसले आणि हीटर जनरेटरवर असतील तर झोन १८० वर उतरवा. माल दाट झाला की जुळणे मंदावते आणि पीपीही कमी जळते. सोडलेला माल दळून एकदम परत हॉपरमध्ये, म्हणजे दाणा भरायच्या नरसाळ्यात, घालू नका. ताज्या दाण्यात १० टक्क्यांपर्यंत, विखरून.

शंका फेडायची असेल तर ही चाचणी करा. मशीन सलग चालू असताना एक पर्ज (नोझलमधून हवेत सोडलेला माल) फळीवर घ्या, पोळीसारखी चपटी करा, थंड होऊ द्या. मग मशीन दहा मिनिटे गरमच थांबवून दुसरी पोळी घ्या. दोन्ही मधून दुमडा, मागेपुढे वाकवा. पहिली पांढरी पडून अखंड राहिली आणि दुसरीचे पदर सुटले, तर दोष थांबण्याचा आहे, गेटचा नाही. दोन्हीचे पदर सुटले तर दाणाच कच्चा आहे, पुढचा भाग वाचा.

वीज न जाताही माल थांबतो, हे विसरायला होते. स्क्रू ८ सेकंदांत भरतो आणि कूलिंग २५ सेकंदांचे, म्हणजे प्रत्येक शॉट १७ सेकंद नोझलमागे नुसता बसतो. स्क्रू सुरू होण्याला १२–१४ सेकंदांचा उशीर लावा, भरणे साचा उघडायच्या थोडे आधी संपू दे. कुशन, म्हणजे शॉट मारल्यावर स्क्रूपुढे उरणारा माल, ५–८ मिलिमीटरच ठेवा. २० ठेवलेले आढळते, आणि मग मागचा शिळा माल प्रत्येक शॉटमध्ये थोडा थोडा मिसळत राहतो.

पातळ करायला काय घालता?

बादली भरायला १ एमएफआयचा धागा फार दाट पडतो. मग पटकन हाताशी असते ते घातले जाते: ११ एमएफआयचे होमोपॉलिमर, म्हणजे निव्वळ, पीपी. या तक्रारीचे सर्वांत मोठे मूळ हेच आहे. माल छान वाहतो, चकाकतो, आणि सोलतो.

कारण असे. दोन न मिसळणाऱ्या मालांपैकी बाहेरचा, सलग कोण राहणार, हे फक्त प्रमाणावर ठरत नाही. पातळ माल बाहेरची जागा बळकावतो. ढोबळ नियम असा, की दोन्ही सलग होण्याच्या सीमेवर प्रमाणांचे गुणोत्तर दाटपणांच्या गुणोत्तराएवढे असते. २३० अंशांवर १.६ चे एचडीपीई आणि ३ चे पीपी असेल तर ती सीमा ३५ टक्के पीपीवर येते. २० टक्के पीपी असताना ते निवांत थेंबांत राहते. पीपी ८ चे झाले तर सीमा १७ टक्क्यांवर उतरते. ११ चे घातले तर १३ टक्क्यांवर. म्हणजे शंभर किलोत वीस किलो पातळ पीपी गेले की तेच बाहेरचे होते, आणि सातपट दाट एचडीपीई त्यात गोळ्यांसारखे अडकते. चौपटीची मर्यादा ओलांडलेली, म्हणून शिअर ते गोळे फोडत नाही. शिवाय दाबाने ढकलल्या जाणाऱ्या प्रवाहात पातळ माल भिंतीकडे सरकतो, आणि बादलीला पीपीची साल तयार होते. नियम कागदावरचा आहे, प्रत्यक्ष सीमा धारदार नसते, पट्टा असतो. पण कोणत्या दिशेला घसरतो आहोत हे तो बरोबर सांगतो.

एचडीपीईला पातळ करायचे तर एचडीपीईनेच करा. १८–२० एमएफआयचा इंजेक्शन ग्रेड धाग्याच्या एचडीपीईत खरोखर मिसळतो, कारण दोन्ही एकच. सुरुवातीला शंभर किलोसाठी असे धरून चाला: धाग्याचे एचडीपीई ४५, इंजेक्शन ग्रेड एचडीपीई ३५, दोरीचे पीपी १५, आणि पीपीसीपी म्हणजे इम्पॅक्ट कोपॉलिमर पीपी ५. एचडीपीईच्या या जोडीचा एमएफआय २३० वर ६ च्या आसपास येतो. दोरीचे पीपी ३ असो की ८, ते दुपटीपेक्षा दाट नसते, अर्ध्यापेक्षा फार पातळही नसते. थेंब तुटतात, आणि पंधरा-वीस टक्के पीपी बाहेरची जागा घेऊ शकत नाही.

ते पाच किलो पीपीसीपी कशाला? त्यात इथिलीन-प्रॉपिलीन रबर असते आणि ते दोन मालांच्या सीमेवर जाऊन बसायला बघते. थेंब एकमेकांना भिडले तरी मध्ये गादी राहते. ओलेफिन ब्लॉक कोपॉलिमर हेच काम जास्त चांगले करतो. ५–८ टक्के लागतो, किंमत चढते आणि बादली थोडी लवचीक होते. २०१७ मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी पीई-पीपीचे तुकडे जोडलेला असा कोपॉलिमर दाखवला होता, की ज्याचा एखादा टक्काही पुरे. भंगाराच्या दरात बसणारे ते अजून नाही. आणि कुठलाही कम्पॅटिबिलायझर (असा सीमेवर बसणारा जोडमाल) घातला तरी सातपट दाटपणाचा फरक तो झाकत नाही. आधी एमएफआय जुळवा, मग पैसे खर्च करा.

हे सगळे कोरडे मिसळून थेट इंजेक्शनच्या हॉपरमध्ये टाकले तर उपयोग अर्धाच होतो, कारण त्या स्क्रूचे काम वितळवणे आणि ढकलणे. आधी एक्सट्रूडरवर (माल वितळवून तारा काढणाऱ्या मशीनवर) दाणा पाडा: २००–२१० अंश, मागे ४०, पुढे ८० मेशच्या जाळ्या, आणि तार अडीच-तीन मिलिमीटरची. पाच मिलिमीटरच्या जाड तारा कोमट पाण्यात सावकाश गार होतात आणि मेहनतीने बारीक केलेले थेंब तारेच्या मधोमध पुन्हा जुळतात. पावसात टाकीचे पाणी बदलायचा कंटाळा केला जातो, ते गरम होत जाते, आणि संध्याकाळचा दाणा सकाळच्या दाण्यापेक्षा वाईट निघतो. इंजेक्शनवर बॅक प्रेशर (भरताना मागे सरकणाऱ्या स्क्रूला दिलेला विरोधी दाब) १० ते १५ बार, त्यापुढे नको.

गेट

हिशेब सोपा आहे. ४०० ग्रॅमचा शॉट, वितळलेल्या मालाची घनता ०.७५, म्हणजे ५३३ घन सेंटिमीटर. ३ सेकंदांत भरले तर सेकंदाला १७८. गोल गेटवरचा शिअर म्हणजे हा प्रवाह गुणिले चार, भागिले π आणि त्रिज्येचा घन यांचा गुणाकार. ३ मिलिमीटर व्यासाला तो सेकंदाला ६७,००० येतो, ४ ला २८,०००, ५ ला १४,५००. दोन मिलिमीटर व्यास वाढवला तर चौपटीहून जास्त उतार. एमएफआयच्या मशीनमध्ये असल्या मालाला सेकंदाला दोन ते पंचवीस एवढाच शिअर बसतो, म्हणून तिथे जुळलेले दोन माल गेटवर जुळलेले असतीलच असे नाही. प्रत्येक माल शिअरखाली वेगळ्या वेगाने पातळ होतो. शक्य असेल तर २१.६ किलोखालीही एमएफआय घ्या. दोन वजनांच्या आकड्यांचे गुणोत्तर दोन्ही मालांत जवळपास असले तर निर्धास्त राहा.

गेट मोठे करायचा खर्च करण्याआधी वेगाचे टप्पे लावा. पहिले १० टक्के अंतर हळू, म्हणजे गेटभोवतीची पहिली कातडी शांतपणे बसते. मग पूर्ण वेग. शेवटचे १० टक्के पुन्हा हळू, हवा निघायला. साच्याचे पाणी १५ अंशांवर चालवत असाल तर ३५–४० करा. दमट हवेत थंड साच्यावर घाम धरतो, तेही टळते. सायकल तीन-चार सेकंदांनी लांबेल.

टेंपरेचर वाढवल्यावर दोन शिफ्ट बरे का वाटते, तेही इथेच कळते. माल पातळ होतो, गेटवरचा ताण उतरतो, कातडी जरा उशिरा गोठते. पण दहा अंश जास्त तापवलेले पीपी झपाट्याने तुटते, आणखी पातळ होते, आणि त्याचे रनर (साच्याच्या वाटेत गोठलेले तुकडे) दळून परत हॉपरमध्ये येतात. तिसऱ्या शिफ्टला तुम्ही स्वतःच ११ एमएफआयचे पीपी तयार केलेले असते.

कान

कानाच्या भोकात साच्याची पिन असते. प्रवाह तिच्या दोन बाजूंनी फुटतो आणि मागे जाऊन भेटतो. दोन आघाड्या समोरासमोर येताना थेंब सांध्याला समांतर चपटे होतात, म्हणजे भिंत जिथे जोडली जायला हवी तिथेच परक्या मालाच्या टिकल्यांची रांग उभी राहते. शुद्ध एचडीपीईची बादली याच साच्यात टिकते आणि मिश्रणाची फुटते, ती यामुळे. कानाच्या टोकाला ०.०२–०.०३ मिलिमीटर खोल व्हेंट हवा. तो गंजाने बुजला असेल तर पितळी ब्रशने साफ करा, सँडपेपर लावू नका. शेवटच्या टप्प्यात वेग फार कमी झाला असेल तर आघाड्या थंड होऊन भेटतात. तिथे ताळमेळ शोधावा लागतो. साच्यात जागा असेल तर सांध्यापुढे छोटा खिसा काढून तिथला पहिला, गार, टिकल्यांनी भरलेला माल त्यात जाऊ द्यावा आणि नंतर कापून टाकावा.

नायलॉन

२१० अंशांच्या बॅरलमध्ये नायलॉन वितळतच नाही. तो थेंब नाही, तो धागा आहे, आणि कुठलाही शिअर त्याला बारीक करणार नाही. उपाय एकच, टाकीत बुडवून वेगळे काढणे. चुरा १०–१२ मिलिमीटरचा, दोन टाक्या एकापुढे एक, पहिलीत थोडा साबण. गाळ आणि वाळूही तळाशी जाते.

मुद्दाम नायलॉन-पीई मिश्रण करायचे असेल तर तो वेगळा धंदा आहे. २३५–२४५ अंश लागतात, मॅलेइक अॅनहायड्राइड जोडलेले पीई ३–५ टक्के लागते, आणि नायलॉन ८० अंशांवर ४–६ तास वाळवून ओलावा ०.२ टक्क्यांच्या खाली न्यावा लागतो. इथे कोकणचा पाऊस आडवा येतो. साधा हॉट एअर ड्रायर बाहेरचीच दमट हवा तापवून फिरवतो, आणि जुलैत त्याने नायलॉन वाळत नाही. ओले नायलॉन वितळताना पाण्याने त्याच्या साखळ्या तुटतात, ते पातळ होते, आणि वर सांगितलेली सीमा पुन्हा सरकते. डिह्युमिडिफायर असलेला ड्रायर नसेल तर हे काम ऑक्टोबरवर ढकला.

पीपी आणि एचडीपीई ओलावा शोषत नाहीत, पण दोरीच्या पिळात पाणी आणि मीठ अडकलेले असते. दळल्यावर दोनदा गोड्या पाण्याने धुवा, सेंट्रिफ्यूजमधून काढा, आणि व्हेंट असलेल्या एक्सट्रूडरवरच घाला. वाफेमुळे प्रवाह हिसके देत चालतो, कधी जोर, कधी रेंगाळ, आणि त्या रेंगाळण्यात काय होते ते वर आलेच आहे.

शिअरने दोन प्लास्टिके खरोखर एकजीव होतात, असे वाचून कुणी प्रयोग करायला जाईल, म्हणून एवढेच: तसे होते, पण मुळात मिसळण्याच्या काठावर असलेल्या जोड्यांत. पॉलिस्टायरीन आणि पॉलिव्हिनिल मिथाइल इथर ही त्यातली प्रसिद्ध जोडी. थंड असताना ती एकजीव असते, तापवली की गढूळ होते, आणि प्रवाहात ठेवली तर गढूळ व्हायचे तापमान काही अंशांनी सरकते, शिअरनुसार वर किंवा खालीही. दोरीच्या पीपी-एचडीपीईला तो काठच नाही.

पाऊस सुरू होण्याआधी मेअखेरीस एवढी तयारी ठेवा: प्रत्येक लॉटची अल्कोहोल-पाण्याची मोजणी, २३० अंशांवरचे दोन एमएफआय, आणि त्या लॉटच्या पर्जची दुमडून बघितलेली एक पोळी, तारीख घालून, खिळ्याला टांगलेली. जूनमध्ये तक्रार आली की नवी पोळी तिच्याशेजारी धरा. पाऊस-वाऱ्याचे दिवस असतील तर लॉगबुकात वीज गेल्याची वेळ आणि सोडलेल्या शॉटची संख्या एकाच ओळीत लिहायला लावा. त्या रकान्यात पाचाऐवजी दोन दिसले, तर कान फुटलेल्या बादल्या कोणत्या तासाच्या आहेत ते विचारावे लागत नाही.